डोंगरावरच्या रिपीटरचा बॅकअप : दुरुस्तीला पैसे किती ठेवावेत?

हौशी रेडिओ क्लबचा रिपीटर, म्हणजे आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणारं यंत्र, डोंगरमाथ्यावर बसवतात, कारण १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. उंची मिळाली की टप्पा वाढतो. रिपीटरची खरी गरज लागते ती वीज आणि मोबाइल दोन्ही बंद पडल्यावर. २००१च्या भुजच्या भूकंपानंतर हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या मंडळींनी निरोप पोचवले ते अशाच अवस्थेत. म्हणून वर्गणीतला पहिला पैसा बॅटरीच्या बॅकअपवर खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे. खाली दिलेले भाव शहरातल्या दुकानांतले, अंदाजे आहेत. खरेदीआधी दोन ठिकाणी विचारा.

दुरुस्तीत सर्वात महाग असते ती डोंगरावरची फेरी. जीपभाडं, मेकॅनिकची दिवसाची मजुरी, ओझं वाहणारी गावातली दोन माणसं असं धरलं तर एका खेपेला सहा ते आठ हजार रुपये सहज लागतात. आधी ‘बघायला’ आणि मग ‘बसवायला’ अशा दोन खेपा झाल्या, तर त्या पैशात जवळजवळ एक बॅटरी आली असती. त्यामुळे पहिल्याच खेपेला मल्टिमीटर, हायड्रोमीटर, मोटारीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब, फ्यूज, वायरच्या टोकाचे लग आणि डिस्टिल्ड वॉटर बरोबर न्या. हे सगळं मिळून दोन हजारांच्या आसपास जातं.

बॅटरी बसली असं मानण्याआधी टर्मिनल बघा. पावसाळ्यातल्या धुक्याने लगवर हिरवा-पांढरा थर चढतो आणि चार्जिंग आतपर्यंत पोचतच नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने तो धुवायचा, कोरडं करायचं, पेट्रोलियम जेली लावायची; खर्च पन्नास रुपये. सोड्याचं पाणी सेलमध्ये मात्र जाऊ देऊ नका. मग बॅटरी सोडवून काही तास तशीच ठेवा. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी १२.७ व्होल्टच्या जवळ दिसते. बल्ब लावल्यावर काही मिनिटांत आकडा ११.५च्या खाली घसरला, तर ती एक तर रिकामी आहे किंवा संपलेली. पूर्ण चार्ज करूनही तसंच झालं तर संपलीच. हायड्रोमीटरवर पाच सेल १.२४० आणि एकच १.१५० दाखवत असेल तर तो सेल गेला. अशी बॅटरी ‘रिकंडिशन’ करून देणारे भेटतील. घरच्या इन्व्हर्टरला एक वेळ चालेल, डोंगरावर नको. ती पुन्हा बसली की आणखी एक खेप पडेल.

नवी घ्यायची तर आधी हिशेब करा. समजा, रिपीटर नुसता ऐकताना अर्धा ॲम्पियर आणि प्रक्षेपण करताना ७ ॲम्पियर घेतो. दिवसात तीन तास प्रक्षेपण धरलं तर रोजचे साडेएकतीस ॲम्पियर-तास होतात, दोन दिवसांचे ६३. लेड-ॲसिड निम्मीच वापरावी, म्हणून १५० ॲम्पियर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी लागेल. तिला चौदा ते अठरा हजार पडतात आणि जुनी परत दिली की तीन-चार हजार सुटतात. पण तिचं वजन ५५-६० किलो, आणि दर तीन-चार महिन्यांनी पाणी घालायला वर जावं लागतं. लिथियम आयर्न फॉस्फेट १०० ॲम्पियर-तासांची पुरते. वजन बारा-तेरा किलो, पाणी नाही, किंमत पंचवीस ते पस्तीस हजार. दुकानात ती महाग वाटते. पाण्याच्या खेपा मोजल्या तर वर्षभरातच फरक भरून निघतो. जिथे गाडी थेट खोलीपर्यंत जाते आणि जवळ राहणारा जबाबदार माणूस आहे, तिथे ट्यूब्युलर घ्यायला हरकत नाही.

लिथियम घेतली तर चार्जरही तपासा. सेटिंगमध्ये लिथियमचा पर्याय हवा. नसेल तर सोलर पॅनेलसाठीच्या एमपीपीटी चार्ज कंट्रोलरला तीन ते आठ हजार ठेवा. सोलर पॅनेलवर सगळी भिस्त ठेवू नका. जुलै-ऑगस्टमध्ये घाटमाथ्यावर दिवसेंदिवस ऊन पडत नाही.

वळवाच्या विजा हा वेगळा खर्च आहे. चार्जर वारंवार जळत असेल तर तो बदलत बसू नका, आधी अर्थिंग मोजून घ्या. नवा अर्थ पिट आणि सर्ज संरक्षक मिळून दहा-पंधरा हजारांत होतात. कातळ फोडावा लागला तर जास्त. टॉवर, अँटेनाची कोॲक्स केबल आणि वीजपुरवठा यांचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलं हवं, नाहीतर ते पैसे वाया जातात. उंदरांनी वायर कुरतडू नये म्हणून खोलीत येणाऱ्या केबलची भोकं बुजवा.

पक्कं बिल घ्या. वॉरंटीत बॅटरी वाहून नेण्याचा खर्च कोणाचा, हे त्यावर लिहून घ्या; बहुतेक वेळा तो तुमचाच असतो. जुनी बॅटरी डोंगरावर टाकून येऊ नका. २०२२च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती जुन्या बॅटऱ्या गोळा करणाऱ्या किंवा त्यांचा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडे गेली पाहिजे. वाहून आणायची माणसं त्याच खेपेत सांगून ठेवा, आणि ही खेप मेच्या मध्यापूर्वी उरका.