विंचू आणि घरातले लेकरू

लहान मूल घरात एका जागी बसत नाही. सकाळी उठले की ते चुलीपाशी जाते. तिथून पडवीत, पडवीतून खळ्यात, खळ्यातून गोठ्यात. जे दिसेल त्याला ते हात लावते. हात लावूनच ते शिकते. म्हणून त्याला बांधून ठेवता येत नाही आणि ठेवूही नये. पण ते जिथे जिथे हात घालते, तिथे आपली नजर आधी गेली पाहिजे.

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाचे गडगे आहेत. घरामागे लाकडे, शेणी, पेंढा आणि नारळाची सोडणे रचलेली असतात. मुलाला ही खेळायची जागा वाटते. विंचवालाही हीच जागा आवडते. तो दिवसा फटीत बसतो आणि रात्री बाहेर पडतो.

विंचू पुष्कळ जातींचे आहेत. मोठा काळा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचे विष तितके जहाल नसते. लहान लाल विंचू मात्र फार घातक. मोठ्या माणसापेक्षा मुलाच्या जिवाला त्याचा धोका जास्त. विष तितकेच, पण अंग लहान.

आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो. 1982 सालचा एप्रिल महिना होता. आम्ही नुकतेच शाळेवर लागलो होतो. तिसरीची वार्षिक परीक्षा चालू होती. एक हुशार मुलगा पेपरला आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, तर खळ्यात माणसे जमलेली. त्याच्या चार वर्षांच्या भावाला आदल्या संध्याकाळी विंचू चावला होता. रात्रभर मंत्र घातले. पहाटे पोराला धाप लागली, तेव्हा डोलीत घालून दवाखान्यात नेले. वेळ निघून गेली होती. तो मुलगा पाटीवर हात ठेवून दारात बसला होता. आम्हांला त्याच्याशी काय बोलावे ते सुचले नाही.

त्या काळी या विषावर नेमका इलाज हाती नव्हता, हेही खरे. तो इलाज आपल्या कोकणातच सापडला. डॉ. हिम्मतराव बावस्कर हे 1976 साली महाडजवळ बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात रुजू झाले. विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, त्यांच्या डोळ्यांसमोर दगावत. ते रात्र रात्र रोग्याजवळ बसून राहिले. नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद त्यांनी ठेवली. तेव्हा त्यांना उलगडा झाला.

लाल विंचवाच्या विषाने रक्ताच्या नळ्या आवळतात. मग काळजाला फार जोर लावावा लागतो. डोक्यावर ओझे घेऊन घाटी धावत चढणारा माणूस जसा दमतो, तसे काळीज दमते. छातीत पाणी भरते आणि श्वास कोंडतो. या नळ्या सैल करणारे प्राझोसिन नावाचे औषध रक्तदाबासाठी वापरात होतेच. डॉक्टरांनी ते विंचवाच्या रोग्यांना दिले. रोगी वाचू लागले. 1986 साली त्यांचा यावरील लेख ‘लॅन्सेट’ या विलायतेतील नामांकित नियतकालिकात छापून आला. 2022 साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

मग भगताच्या मंत्राने काही माणसे बरी होतात ती कशी? त्याचे कारण सोपे आहे. पुष्कळ वेळा विंचू कमी विषाचा असतो, किंवा विष थोडेच अंगात जाते. ते आपोआप उतरते आणि नाव मंत्राचे होते. पण विष जहाल असेल, तर मंत्रात गेलेला एकेक तास मुलाच्या जिवावर बेततो.

आता पुढची गोष्ट ऐका. तो पेपर चुकलेला मुलगा आज आजा झाला आहे. दोन वर्षांपूर्वी त्याची तीन वर्षांची नात सोडणांच्या ढिगाशी खेळत होती. तिच्या पायाला विंचू चावला. आधी ती खूप रडली, मग गप्प झाली. अंगाला दरदरून घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले. घरातली म्हातारी म्हणाली, “अरे, भगताला बोलाव.”

तो म्हणाला, “आये, एक रात्र घालवली ती पुरे झाली.”

त्याने नातीला चादरीत गुंडाळले आणि शेजाऱ्याच्या रिक्षातून तडक रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी औषध दिले, रात्रभर लक्ष ठेवले. तिसऱ्या दिवशी पोर घरी आली. म्हातारीने दारातच मीठमोहरी ओवाळून टाकली. त्याने ओवाळू दिले. दवाखाना आधी झाला होता, मग ओवाळण्याला हरकत कसली?

हे ध्यानात ठेवा :

1. लाकडे, शेणी, सोडणे घरापासून लांब रचा. भिंतीच्या फटी लिंपून घ्या.

2. मुलाचे कपडे, अंथरूण आणि चपला झटकून मगच वापरा. रात्री बॅटरीशिवाय अंधारात जाऊ नका.

3. विंचू चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका.

4. घाम, उलटी, गार हातपाय, धाप ही धोक्याची खूण. ठणका कमी आहे म्हणून विष कमी असे समजू नका.

5. खूण दिसेपर्यंत थांबू नका. मुलाला लगेच दवाखान्यात न्या. 108 या क्रमांकावर फोन केल्यास रुग्णवाहिका येते.

6. औषध डॉक्टरांनीच द्यायचे. घरी कोणतीही गोळी देऊ नका.

प्रश्न :

1. लाल विंचू मुलाला जास्त घातक का?

2. मंत्राने विंचू उतरला असे लोकांना का वाटते?

3. तुमच्या घराभोवती विंचवाला लपायला जागा कोठे कोठे आहे? आज संध्याकाळी ऊन असतानाच फिरून पाहा आणि त्या जागा पाटीवर लिहा.