पेपर काढतेस ना, मग हे ऐक

अगं, इतकी घाबरू नकोस. बोरी अरबहून एसटीने यवतमाळ गाठायचं, तास करायचे, घरी येऊन भाकरी थापायच्या आणि वर मैत्रिणींना घेऊन विद्यार्थ्यांचा स्वतंत्र पेपर काढायचा, म्हणजे जीव दडपणारच. पण खरं सांगू का, तुला जमेल.

आधी पैशाचं बघ. कागदाचे पैसे कॉलेजकडून घेतलेस, की मेसची बातमी लिहिताना हात आपोआप आखडतो. कुणाला रागवावंही लागत नाही. हार्वर्डचं ‘क्रिमसन’ 1873 पासून मुलंच चालवतात, जाहिरातीही तीच आणतात. तू झेरॉक्सवाल्या दादांना विचार. मेसवाल्या काकूंची जाहिरात मात्र नको गं, त्यांच्या वरणावरच लिहायचंय ना तुला!

सुरुवात भित्तिपत्रकानेच कर. नियमित छापील वृत्तपत्र काढायचं तर 2023 च्या कायद्याखाली नोंदणी लागते, ते पुढच्या वर्षी बघू. फलक कॉलेजचा, म्हणून परवानगी लेखी घे. मजकूर आधी बघू म्हणाले, तर ‘चूक दाखवा, पण कापू नका’ असं गोड बोलून सांग. आणि लिहायला सुबक अक्षराची मैत्रीण धर. माझं अक्षर असं, की वाचणारे अर्थ विचारायला घरी यायचे.

आता बातमी. पुनर्मूल्यांकनात किती जणांचे गुण बदलले, हे कँटीनमध्ये विचारून लिहायचं नाही. अमरावती विद्यापीठाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपये फी, उत्तराची मुदत 30 दिवस. तोवर तुझी परीक्षाही आटोपेल. तक्रार करणाऱ्या मुलीचं नाव तिला विचारल्याशिवाय छापू नकोस, आणि ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय तर मुळीच नाही.

बाबा म्हणतीलच, ‘हे कशाला?’ सांग त्यांना, बापूजी अण्यांनी 1918 मध्ये ‘लोकमत’ साप्ताहिक यवतमाळातूनच काढलं होतं. मुंबईत एल्फिन्स्टनच्या पोरांनी 1848 मध्ये सभा स्थापली, तिच्या मराठी शाखेने 1850 पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक चालवलं. त्याच सभेने 1849 मध्ये मुलींच्या शाळाही काढल्या, बघ!

महिन्याला एकच अंक, परीक्षेत सुट्टी. आणि दुसऱ्या वर्षाच्या दोघींना आत्ताच हाताशी घे. तू बी.ए. होऊन गेलीस, की पेपर कोण काढणार?