पिंप्राळ्याच्या मंडळींना मुंबई दाखवताना

राणीची बाग, चौपाटी आणि सिद्धिविनायक हे जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्यात सगळ्यांचे पाहून झालेले आहेत. म्हणून मी शेजारपाजारच्या मंडळींना मुंबईची चर्च, नाटकगृहं आणि संग्रहालयं दाखवायला नेतो. त्यातून जे कळलं ते असं.

१. आषाढात निघू नये. एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो, तेव्हा गाव सोडायला कोणी तयार नसतं. शिवाय मुंबईचा पाऊस! वारही पाहावा. सोमवारी आधुनिक कला संग्रहालय बंद असतं, बुधवारी भायखळ्याचं भाऊ दाजी लाड.

२. सकाळी आधी चर्च. फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ सालचं. आमच्या बायका दारातच चपला काढतात. काढू द्याव्यात, देवाचं घर ते देवाचं घर. आत गव्हर्नर जोनाथन डंकनचं संगमरवरी स्मारक आहे. त्यावर दोन मुलं कोरलेली आहेत आणि काशी व काठेवाडातली बालहत्या बंद केल्याची नोंद आहे. ही बालहत्या मुलींची होती, एवढं मी सांगतो. २०११च्या जनगणनेत लहान मुलींच्या प्रमाणात आमचा जळगाव जिल्हा राज्यात तळाच्या जिल्ह्यांत होता. त्यामुळे तिथे पुढचं बोलावं लागत नाही. बायका एकमेकींकडे बघतात आणि पुरुषांना एकदम बाहेर जाऊन तंबाखू मळायची आठवण होते.

३. नाटकगृह बाहेरून दाखवून काही हाती लागत नाही. रॉयल ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ साली पंचम जॉर्जच्या हस्ते झालं, तेव्हा बांधकाम पुरतं संपलेलंही नव्हतं. १९९३ला ते बंद पडलं आणि डागडुजी होऊन २०१६ला उघडलं. तिथे कार्यक्रम असेल तो दिवस धरूनच सहल आखावी आणि सरळ तिकीट काढावं. महाग वाटतं खरं, पण घुमटाखाली खुर्चीत बसल्याशिवाय त्या वास्तूची गंमत कळत नाही. या रंगमंचावर बालगंधर्व गायले, असं सांगितलं की आमची मंडळी ताठ बसतात. त्यांचं लहानपण काही काळ जळगावात गेलेलं, त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह आमच्या शहरात आहे. मुंबईकर शेजाऱ्याला हे आवर्जून ऐकवलं जातं, त्याने विचारलेलं नसतानाही.

४. वस्तुसंग्रहालय सगळं दाखवायचा हट्ट धरू नये. पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोक पहिल्या दालनातच थकतात. मी मधल्या दिवाणखान्यात थांबतो आणि वर बघायला सांगतो. जॉर्ज विटेटच्या या इमारतीत नाशिकच्या एका जुन्या वाड्याचं लाकूडकाम बसवलेलं आहे. ते पाहून माहेर अमळनेरचं असलेल्या एक मावशी म्हणाल्या, ‘ह्या ते आपला वाडाना खांब शेतस!’ मग त्यांनीच बाकीच्यांना तुळई, कडीपाट असं समजावून सांगितलं. मी मागे उभा राहिलो. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथे लष्करी रुग्णालय होतं आणि संग्रहालय १९२२ला उघडलं, एवढं जोडलं की पुरे. दशम्या आणि चटणी मात्र आत नेता येत नाही. जेवण उरकूनच शिरावं.

५. जे. जे. कलाशाळेच्या फाटकापाशी अजिंठ्याचा विषय काढावा. पाहुणे आले की आम्ही त्यांना अजिंठ्याला नेतोच. पण तिथल्या चित्रांच्या नकला करायला जॉन ग्रिफिथ्सने १८७२पासून याच शाळेची मुलं नेली, हे गावात फारसं कुणाला ठाऊक नसतं. त्याच्या आधी रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच १८८५ला आगीत गेल्या. गिल १८७९ साली वारला आणि त्याची कबर आमच्या भुसावळात आहे. हे ऐकल्यावर मुंबईत उभं राहून भुसावळच्या सहलीचे बेत सुरू होतात.

६. परतीचं तिकीट थेट जळगावचं काढू नये. चाळीसगावला उतरावं. स्टेशनालगतच्या बंगल्यात कलामहर्षी केकी मूस यांचं कलादालन आहे. मुंबईत जन्मलेला हा पारशी कलावंत इंग्लंडात शिकून आला आणि १९८९ला जाईपर्यंत जवळजवळ सगळं आयुष्य या घरात राहिला. छायाचित्रं, चित्रं, शिल्पं, सगळं इथलंच. पंजाब मेलने येणाऱ्या कुणाची तरी ते रोज वाट पाहत, असं चाळीसगावकर सांगतात. या गोष्टीवर पोरं जास्त वेळ रेंगाळतात, मी मात्र त्यांना टेबलावर साध्या वस्तू मांडून काढलेल्या छायाचित्रांकडे ओढतो. जाण्याआधी दालन उघडं आहे का, याची चौकशी करावी. संध्याकाळी जळगावकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. गर्दी असते, पण वयस्करांना लोक जागा देतात.