कोट-पाटलोणीस साजेसा जोडा : निवड आणि निगा

मनुष्याच्या पोशाखांत पादत्राण सर्वांत खालीं असतें, आणि बहुतेकांच्या विचारांतही तें सर्वांत शेवटीं येतें. आमच्या वडूजसारख्या तालुक्याच्या गांवीं शाळेंत असेपर्यंत चपलेवर किंवा गणवेशाच्या बुटांवर भागून जातें. पुढें शिष्यवृत्तीची अगर नोकरीची मुलाखत, पदवीदान समारंभ, घरचें लग्नकार्य असा एखादा प्रसंग उभा राहतो. कोट-पाटलोण शिवली जाते. आणि शिंप्याचे पैसे चुकते झाल्यावर कोणास तरी आठवण होते कीं, पायांत काय घालावयाचें? तोंपर्यंत गांठचे पैसे संपत आलेले असतात. मग मिळेल तो झगझगीत जोडा घाईनें घेतला जातो, किंवा उसने पैसे काढून भारी किंमतीचा आणला जातो. पहिला थोड्याच महिन्यांत तोंड वासतो. दुसऱ्याचें कर्ज वर्षभर चावत राहतें. या दोन्ही आपत्ति टाळून, बेताच्या पैशांत टिकाऊ, सुखकर आणि शोभिवंत जोडा कसा निवडावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

प्रथम कोणी असें म्हणेल कीं, जोड्यासारख्या क्षुल्लक वस्तूवर एवढा विचार कशाला? परंतु इतिहास पाहतां ही वस्तु क्षुल्लक नाहीं. आपल्याच समाजांत कांहीं जातींच्या लोकांस वरिष्ठ म्हणविणारांच्या समोरून पायांत जोडा घालून जाण्याची मनाई असे. इ. स. १८५४ मध्यें कलकत्त्याच्या सरकारनें असा ठराव केला कीं, ज्या एतद्देशीय गृहस्थांनीं विलायती बूट व मोजे घातले असतील त्यांनीं ते दरबारांत काढले नाहींत तरी चालेल. देशी जोडा मात्र बाहेर काढलाच पाहिजे. पाय तोच, मनुष्य तोच. मान मात्र जोड्यावरून ठरला! ज्यांचें नांव ७ नोव्हेंबर १९०० रोजीं साताऱ्याच्या शाळेंत दाखल झालें, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुढें छायाचित्रांतून कोट, पाटलोण व बूट अशा नीटनेटक्या वेषांत दिसतात. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना जोडा नाकारला गेला, त्यांच्या दृष्टीनें या वेषाचा अर्थ केवळ शोभेपुरता नव्हता.

जोडा घालणाराचा मान जसा ध्यानांत घ्यावयाचा, तसाच तो शिवणाराचाही. विल्यम केरी (१७६१–१८३४) यांनीं तरुणपणीं इंग्लंडमध्यें जोडे शिवण्याचा धंदा केला. इ. स. १७९३ मध्यें ते बंगाल्यांत आले, आणि श्रीरामपूर येथून त्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण इ. स. १८०५ मध्यें व मराठी कोश इ. स. १८१० मध्यें प्रसिद्ध केला. ज्या हातांनीं आरी चालविली त्याच हातांनीं आपल्या भाषेची ही सेवा झाली. दुसरें उदाहरण यान मॅट्झेलिगर यांचें. डच गियानांत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कारागिरानें अमेरिकेंत जाऊन फर्म्यावर कातडें ताणून बसविण्याचें यंत्र तयार केलें व इ. स. १८८३ मध्यें त्याचें पेटंट मिळविलें. हें काम हातानें करणारा कुशल कारागीर दिवसांत सुमारें ५० जोड करी. यंत्रानें त्याच्या कित्येक पट होऊं लागले. चांगला जोडा सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला, त्याचें मोठें श्रेय या यंत्रास आहे.

आतां निवडीकडे वळूं. पहिला प्रश्न घाटाचा. सुटाबरोबर नाडीचा, साधा, नक्षी नसलेला जोडा सर्वत्र चालतो. त्याचे मुख्य प्रकार दोन. ‘ऑक्सफर्ड’ जोड्यांत नाडीच्या भोकांच्या पट्ट्या पुढच्या कातड्याच्या खालीं शिवलेल्या असतात. ‘डर्बी’ जोड्यांत त्या वरच्या बाजूस शिवलेल्या असून दोहों अंगांस मोकळ्या उघडतात. पहिला अधिक औपचारिक खरा. परंतु ज्याचा चवडा रुंद किंवा पायाचा वरचा भाग उंच आहे, त्यास दुसराच सुखाचा. आपल्याकडे चवडा रुंद असणें सामान्य आहे. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें इ. स. २०२१-२२ मध्यें देशांतील एक लाखाहून अधिक लोकांचीं पावलें मोजलीं, तेव्हां भारतीयांचीं पावलें युरोपीयांच्या मानानें रुंद असल्याचें दिसून आलें. म्हणून परदेशी धर्तीचा निमुळत्या टोंकाचा जोडा चावला, तर दोष आपल्या पायाचा नव्हे, फर्म्याचा समजावा.

दुसरा प्रश्न रंगाचा. ज्यास एकच जोड घेणें शक्य आहे त्यानें काळा घ्यावा. काळा, करडा आणि गडद निळा या तीनही रंगांच्या सुटांस तो शोभतो. तपकिरी जोडा निळ्या वा तपकिरी कपड्यांवर चांगला दिसतो, पण काळ्या सुटाखालीं विसंगत वाटतो. कमरेचा पट्टा जोड्याच्याच रंगाचा असावा. मोजे पाटलोणीच्या रंगाचे आणि बसल्यावर पाय उघडा दिसणार नाहीं इतके लांब असावेत.

तिसरा प्रश्न चामड्याचा, आणि येथेंच पुष्कळांची फसगत होते. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण जणूं जोड्यांच्या दुकानासाठींच निर्माण झाली आहे! आरशासारखा चकाकणारा जोडा बहुधा रेक्झिनचा, किंवा वर जाड मुलामा दिलेल्या हलक्या चामड्याचा असतो. बोटानें दाबून पाहावें : खऱ्या चामड्यावर बारीक, अनियमित सुरकुत्या पडतात व बोट काढतांच मावळतात, कृत्रिम पदार्थावर नुसता खळगा पडतो. कापलेल्या कडेस खरें चामडें तंतुमय दिसतें, तर रेक्झिनखालीं कापड दिसतें. आंतील अस्तरही पाहावें. तें चामड्याचें असल्यास घाम शोषला जातो.

चौथा, आणि किंमतीच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तळाचा, म्हणजे ज्यास बाजारांत सोल म्हणतात त्याचा. स्वस्त जोड्यांचा तळ केवळ चिकटविलेला असतो. तो सुटला कीं बहुधा जोड्याचें आयुष्य संपतें. शिवलेला तळ झिजल्यावर काढून नवा बसवितां येतो. परंतु कडेनें उमटविलेली खोटी शिवणही असते; म्हणून दोरा खरोखर आरपार गेला आहे कीं नाहीं हें कारागिराच्या नजरेनें पाहावें. आणखी एक सूचना : पॉलियुरेथेनचा हलका तळ, जोडा न घालतां पेटींत ठेवला तरी, हवेंतील दमटपणानें कांहीं वर्षांत भुगा होऊन गळून पडतो. ज्यास वर्षांतून दोन-चार वेळांच जोडा लागतो, त्यानें रबरी तळ पाहून घ्यावा.

मापाविषयीं तडजोड करूं नये. पाय दिवसभरांत किंचित्‌ सुजतात, म्हणून खरेदी संध्याकाळीं करावी. प्रसंगीं घालावयाचे तसलेच मोजे बरोबर न्यावेत. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात. मोठ्या पायास माप बसवावें. बोटांपुढें अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी आणि चालतांना टाच उचलून येऊं नये. आपल्याकडे रूढ असलेल्या इंग्रजी मापांत एका नंबराचा फरक अवघ्या तृतीयांश इंचाचा असतो. तेवढ्यानेंही मुलाखतीच्या दिवशीं चित्त उत्तराकडे न राहतां पायाच्या फोडाकडे जातें. ‘घालून घालून सैल होईल,’ असें दुकानदार म्हणतो. चामडें रुंदींत थोडें पसरतें. लांबींत मात्र वाढत नाहीं.

आतां थोडें गणित. समजा, एक जोडा ९०० रुपयांस मिळाला व वर्षभर टिकला. पांच वर्षांत पांच जोड, म्हणजे ४,५०० रुपये. दुसरा, शिवलेल्या तळाचा, २,४०० रुपयांस घेतला. पांच वर्षांत दोन वेळां तळ बदलण्यास १,००० आणि पॉलिश, ब्रश यांस ३०० रुपये लागले. एकूण ३,७००. म्हणजे महाग तो स्वस्त पडला! मात्र हें गणित रोज जोडा घालणारासच लागू आहे. ज्याचा पाय अद्यापि वाढत आहे—आणि मुलांचा पाय सामान्यतः पंधरा-सोळा वर्षांपर्यंत वाढतो—त्याच्यासाठीं पालकांनीं भारी जोडा मुळींच घेऊं नये. एका दिवसाच्या समारंभास मोठ्या भावाचा जोडा नीट बसत असल्यास, पॉलिश करून घालण्यांत कमीपणा कसला? तसेंच, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या जोडावर शेंकडा ५ व त्याहून अधिक किंमतीच्या जोडावर शेंकडा १८ कर आहे. ही पायरी खरेदीच्या वेळीं ध्यानांत असावी.

शेवटीं निगेविषयीं. खटाव-माण हा पर्जन्यछायेचा मुलूख. येथें जोड्याचा मोठा शत्रु धूळ. ती चामड्यांतील तेल शोषते व चामडें तडकतें. म्हणून आधीं ब्रशनें धूळ झाडावी, मग पॉलिश लावावें. धुळीवर पॉलिश चोळणें म्हणजे चामड्यास वाळूनें घांसणें होय. भिजलेल्या जोड्यांत वर्तमानपत्राचे बोळे भरून तो सावलींत वाळवावा. चुलीजवळ किंवा उन्हांत ठेवूं नये. एकच जोडा लागोपाठ दोन दिवस न घालणें उत्तम. ठेवतांना प्लॅस्टिकऐवजीं कापडी पिशवी वापरावी, आणि शिवण उसवूं लागतांच गांवच्या कारागिराकडे न्यावा. आज दिलेले चार पैसे उद्यांचा नवा जोडा वांचवितात.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, अंथरूण पाहून पाय पसरावे हें आपण लहानपणापासून ऐकतों; तोच न्याय पाय झांकण्यासही लागू आहे. ज्या घरांत फीचे पैसे मोठ्या कष्टानें जमतात, त्या घरच्या मुलानें जोड्यासाठीं आईबापांस कर्जांत घालणें हें भूषण नव्हे. आणि झिजलेला पण स्वच्छ जोडा घालून आलेल्या सोबत्यास हंसणें हें तर त्याहून लाजिरवाणें आहे. पायांत बसणारा, खिशास पेलणारा आणि पुन्हां शिवतां येणारा जोडा ज्यास ओळखतां आला, त्यास वस्तूची पारख करण्याचा पहिला पाठ मिळाला. तोच पाठ पुढें संसारांतील प्रत्येक खरेदीस उपयोगीं पडेल.