तिरप्या ठळक अक्षरांची पाटी

प्रश्न : उज्जैनला देवास गेट बसस्थानकाजवळ आमचं फराळाचं दुकान आहे. पाटीसाठी ठळक, तिरपं अक्षर चालेल का?

उत्तर : नाव दोन-तीन शब्दांचं असेल तर जरूर घ्या. तिरप्या अक्षराला वेग असतो, गर्दीतही ते नजर खेचतं. मात्र संगणकावर नुसतं ‘इटॅलिक’ दाबून पाटी छापू नका. देवनागरीत शिरोरेषा आडवीच राहते, झुकतात ते उभे दंड. वेलांटी, रफार शेजारच्या अक्षरावर चढू लागतात. ते एकेक करून जागेवर बसवावे लागतात. शिवाय जाडी वाढली की ‘क्ष’, ‘श्र’ यांच्या पोटातली जागा बुजते. अक्षररचनाकार कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली शीर्षकं जरूर पाहा, फार शिकायला मिळतं. पत्ता आणि भाव सरळ, मध्यम जाडीतच लिहा.