स्थितांबरातील वाऱ्यांचे चक्र आणि हवामान

ऑगस्ट १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. आकाशात उंच गेलेली धूळ पश्चिमेकडे सरकत सुमारे दोन आठवड्यांत विषुववृत्ताभोवती फिरून आली. त्यावरून या पट्ट्यात उंचावर नेहमी पूर्वेकडून वारे वाहतात, असा समज रूढ झाला. १९०८ मध्ये आर्थर बेर्सन यांनी आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराच्या परिसरात फुगे सोडून निरीक्षणे घेतली, तेव्हा मात्र उंचावर पश्चिमेकडून येणारे वारे आढळले. ही विसंगती सुटण्यास १९६०-६१ साल उजाडले. ब्रिटनमध्ये एबडन आणि अमेरिकेत रिचर्ड रीड यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, दोन्ही निरीक्षणे खरी आहेत. हे वारे आळीपाळीने दिशा बदलतात.

चक्राचे स्वरूप

एका पूर्ण आवर्तनास सरासरी २८ महिने, म्हणजे दोन वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. म्हणून या घटनेस 'क्वासी-बायनियल ऑसिलेशन', संक्षेपाने 'क्यूबीओ' म्हणतात. नवीन दिशेचे वारे प्रथम स्थितांबराच्या वरच्या थरात उद्भवतात आणि दरमहा साधारण एक किलोमीटर या गतीने खाली उतरत सुमारे १६ किलोमीटर उंचीपर्यंत येऊन विरतात. सिंगापूर येथील फुग्यांच्या नोंदी या अभ्यासाचा प्रमुख आधार आहेत.

कारणमीमांसा

ऋतुचक्र बारा महिन्यांचे असताना हे चक्र २८ महिन्यांचे का? याचे उत्तर १९६८ मध्ये रिचर्ड लिंडझेन आणि जेम्स होल्टन यांनी मांडले. उष्ण कटिबंधातील गडगडाटी ढगांमुळे हवेत लहरी निर्माण होतात व वर चढतात. काही लहरी पूर्वेकडे, तर काही पश्चिमेकडे जाणारा संवेग वाहून नेतात. वाऱ्याचा वेग लहरीच्या वेगाच्या जवळ येतो, तेथे लहर विरते आणि आपला संवेग वाऱ्यास देते. त्यामुळे वाऱ्याचा पट्टा क्रमाने खाली सरकतो. म्हणजेच या चक्राचा कालावधी सूर्याच्या भ्रमणावर नव्हे, तर लहरींवर अवलंबून असतो.

हवामानावरील परिणाम

१९८० मध्ये होल्टन आणि टॅन यांनी दाखविले की, पूर्वीय वाऱ्यांच्या काळात उत्तर ध्रुवावरील हिवाळी भोवरा दुर्बल होण्याकडे कल असतो. भोवरा ढासळल्यास युरोप व उत्तर अमेरिकेत थंडीच्या लाटेची शक्यता वाढते. विषुववृत्तावरील ओझोनचे प्रमाणही या चक्राबरोबर कमीअधिक होते. तसेच हिंदी महासागरातून पूर्वेकडे सरकणारे 'मॅडन-ज्युलियन' हे मेघमंडल उत्तर गोलार्धाच्या हिवाळ्यात पूर्वीय काळात अधिक प्रबळ असते.

भारतीय मान्सूनशी असलेला संबंध

वसंत गोवारीकर व सहकाऱ्यांनी विकसित केलेले सोळा घटकांचे प्रतिमान भारतीय हवामान विभागाने १९८८ पासून मान्सूनच्या अंदाजासाठी वापरले. त्या घटकांत स्थितांबरातील वाऱ्यांचाही समावेश होता. २००२ मध्ये सरासरीइतक्या पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात सुमारे १९ टक्के तूट आली. दुष्काळाचा फटका कोट्यवधी शेतकऱ्यांना बसला आणि २००३ मध्ये नवीन प्रतिमाने आली. भूतकाळातील सहसंबंध पुढेही तसाच टिकेल असे गृहीत धरता येत नाही, हा या अनुभवाचा बोध होय. मान्सूनवर एल निनोसारख्या घटकांचाही मोठा प्रभाव असल्याने क्यूबीओचा वाटा वेगळा काढणे कठीण असते.

नियमिततेस तडा

१९५३ पासूनच्या अखंड नोंदींत हे चक्र इतके नियमित होते की, ते पुढील अनेक महिन्यांसाठी वर्तविता येत असे. मात्र २०१५-१६ च्या हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात अचानक पूर्वीय वारे शिरले. २०१९-२० मध्ये असाच खंड पुन्हा पडला. दोन्ही वेळी समशीतोष्ण कटिबंधातून आलेल्या लहरी त्यास कारणीभूत ठरल्या.

सारांश, क्यूबीओ हा हवामान ठरविणारा एकमेव घटक नव्हे. तो शक्यतांचे पारडे किंचित झुकवितो. दीर्घ पल्ल्याच्या अंदाजात त्याचे मोल आहे, पण इतर घटकांच्या जोडीनेच. शेतीचे नियोजन ज्या अंदाजांवर विसंबते, त्यांच्याबाबत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो.