सहा व्होल्टची बीटल आणि आयर्लंडचा पाऊस

प्रश्न : आम्ही डब्लिनजवळ लुकनला राहतो. गेल्या हिवाळ्यात मी १९६६ सालची फोक्सवॅगन बीटल घेतली. तिची जुळणी इथेच, डब्लिनमध्ये झालेली आहे. लहानपणी पुण्यात शेजारच्या काकांकडे फियाट होती. रविवारी ते ती धुवायचे आणि आम्ही पोरं बादल्या भरून द्यायचो. हे वेड तेव्हापासूनचं. आता घरात दोन तट पडलेत. बायको म्हणते, गाडी वापरायची असेल तर एसी, पॉवर स्टिअरिंग, मागचा कॅमेरा आणि ब्लूटूथ हवं, नाहीतर ती अंगणातली शोभेची वस्तू. क्लबमधले एक आयरिश आजोबा म्हणतात, एक स्क्रूसुद्धा बदलू नकोस. जूनमध्ये आई-बाबा येतायत. त्यांना आणि आमच्या दोन वर्षांच्या मुलीला घेऊन गॉलवेला जायचा बेत आहे. काय बदलावं, काय नाही? कायदा आड येतो का?
– एक वाचक, लुकन

उत्तर : आधी मुलीचं बघू, कारण तुमच्या यादीत नेमकं तेच नाही. आयर्लंडमध्ये तीन वर्षांखालच्या मुलाला चाइल्ड सीटशिवाय खासगी गाडीत बसवताच येत नाही. ‘गाडीला मुळात पट्टेच नाहीत’ ही सबब मोठ्यांपुरती चालते. चाइल्ड सीट बांधायची तर पट्टा हवा, आणि नुसत्या पत्र्याला भोक पाडून लावलेला पट्टा धक्का बसला की पत्र्यासकट उपटून येतो. मागची सीट काढून पट्टा बोल्टनं आवळायची पक्की जागा आहे का ते बघा. नसेल तर आतून जाड पोलादी प्लेट वेल्ड करून घ्या, आणि ते काम जुन्या गाड्यांचा हात असलेल्या माणसाकडूनच. यादीतला पहिला खर्च हा. ब्लूटूथ नंतर.

आता तुमचे दोन तट. मला दोन्ही अर्धेच पटतात. माझं म्हणणं असं की गाडी १९६६ साली जितकी चांगली होती, तितकी ती आधी होऊ द्या. ती तितकी झाली की बायकोच्या यादीतल्या निम्म्या गोष्टी लागतच नाहीत. जे उरेल ते असं बसवा की उद्या पाना घेऊन काढता येईल, आणि काढलेला मूळ भाग भंगारात न देता खोक्यात राहील.

पॉवर स्टिअरिंगचंच घ्या. बीटलचं इंजिन मागे, त्यामुळे पुढच्या चाकांवर ओझं कमी. धडधाकट बीटल जागच्या जागीसुद्धा फारशी कुरकुर न करता वळते. तुमची जड लागत असेल तर टायरमधली हवा बघा, पुढच्या अ‍ॅक्सलला ग्रीस कधी मारलं होतं ते विचारा. कॅमेऱ्याबद्दल दोनच शब्द : गाडी लहान आहे, मान वळवा.

एसीचा प्रश्न मात्र गमतीचा आहे. आयर्लंडमधलं आजवरचं सर्वाधिक तापमान ३३.३ अंश, तेही किलकेनीला, १८८७ च्या जूनमध्ये. नागपूरकर एवढ्या उन्हात पंखासुद्धा पाचवर ठेवत नाही. तुमच्या गाडीत चाळीसच्या आत-बाहेर हॉर्सपॉवर. त्यातली काही एसीच्या कॉम्प्रेसरला दिली तर चढावर बैलगाडी होईल. पण तुमच्या सौभाग्यवतींना एसी कशासाठी हवाय, ते मला वाटतं मी ओळखलंय. चार माणसं, ओले कोट, बाहेर पाऊस, आणि काचेवर आतून वाफ धरलेली. आजच्या गाडीत एसी ती वाफ शोषून घेतो. त्यामुळे खरा प्रश्न गारव्याचा नाही, समोरचं दिसण्याचा आहे.

आणि त्याचं उत्तर बीटलमध्ये मुळातच आहे, फक्त ते बहुतेक गाड्यांत सडलेलं असतं. हे इंजिन हवेवर थंड होतं. त्याचा पंखा जी हवा फेकतो, तिच्यातली थोडी धुराच्या नळ्यांभोवतीच्या डब्यांतून तापून दोन्ही दारांखालच्या पोकळ पत्र्यांतून पुढे येते आणि काचेच्या तळाशी बाहेर पडते. हे पोकळ पत्रे नुसते हवेचे बोगदे नाहीत. गाडीचा सांगाडा त्यांच्यावर उभा आहे. इथली कायमची ओल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ यांनी पहिला बळी त्यांचाच जातो. हवा वाटेतच गळते, काचेपर्यंत पोहोचतो तो उसासा. मालक म्हणतो, ‘बीटलचा हीटर म्हणजे थट्टाच.’ थट्टा हीटरची नव्हे, गंजाची आहे. गाडी जॅकवर घ्या, दाराखाली स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत जा. ‘टण्’ वाजलं तर ठीक. ‘थप्’ वाजलं तर एसीचे पैसे तिथे घाला. हे पत्रे नवे मिळतात. काम किचकट आहे, दारं नीट बसावीत म्हणून बॉडी आधार देऊन धरावी लागते. पण एकदा झालं की गाडी ताठ होते आणि काचही साफ राहते. तरी वाफ धरलीच तर पुढची तिकोनी खिडकी बोटभर उघडा. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट मिळाली की गरम हवा पुढे येते. फुकटचा उपाय आहे, आजोबांचीही हरकत नसेल.

एक बदल मात्र मी डोळे मिटून करीन, आणि तो तुमच्या यादीत नाही : सहा व्होल्टचं बारा. तुमच्या सालच्या बीटलला सहा व्होल्टची वायरिंग असते. बारा व्होल्ट युरोपातल्या गाड्यांना सर्रास आले ते १९६७ च्या ऑगस्टनंतर. पुढचे दोन दिवे पंचेचाळीस-पंचेचाळीस वॅटचे धरले तर सहा व्होल्टला पंधरा अँपिअर ओढतात, बाराला साडेसात. करंट जितका जास्त, तितकी जुन्या तारांत आणि गंजलेल्या टोकांत गळती जास्त. सहातला अर्धा व्होल्ट वाटेत गळाला की दिव्याचा उजेड जवळजवळ पाव भागानं घटतो. बाराला करंट निम्मा म्हणून गळतीही निम्मी, आणि ती उजेडात जाणवतही नाही. नोव्हेंबरात साडेचारला अंधारणाऱ्या देशात ही चैन नव्हे. जुन्याच होल्डरमध्ये बसणारे बारा व्होल्टचे हॅलोजन बल्ब मिळतात, ते लावा. एलईडी नको. त्या जुन्या आरशासाठी तो बनलेला नाही, उजेड रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

बाराला जायचं म्हणजे नुसती बॅटरी बदलायची नाही. डायनॅमो आणि रेग्युलेटर (किंवा दोन्हीच्या जागी अल्टरनेटर), कॉइल, सगळे बल्ब, फ्लॅशर, कार्ब्युरेटरवरची विजेची जोडणी आणि वायपरची मोटार एवढं तरी बदलतं. सेल्फ बहुतेक लोक सहाचाच ठेवतात. तो बारावर दुप्पट तडफेनं फिरतो, फक्त दाबून धरायचा नाही. बाराचा सेल्फ आणून बसवू म्हणाल तर बसणार नाही, कारण जुन्या फ्लायव्हीलला १०९ दाते आणि नव्याला १३०. हे न सांगणारा दुकानदार भेटला तर पुढच्या दुकानात जा. आणि हे सगळं करण्याआधी एक दिवस फक्त अर्थिंगवर घालवा. बॅटरीची पट्टी, गिअरबॉक्सची पट्टी, दिव्यांची अर्थ, सगळं खोलून, घासून, ग्रीस लावून परत आवळा. काही गाड्या एवढ्यावरच सुधारतात आणि मालक सहावर समाधानी राहतो. तसं झालं तर मीही तुम्हाला बाराचा आग्रह करणार नाही.

बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते. पुण्यातल्या एका गॅरेजात मी अशी सीट उचललेली पाहिली. कुणीतरी बारा व्होल्टची उंच बॅटरी ठेवली होती, वरचं झाकण गायब, आणि सीटच्या तळाच्या स्प्रिंगवर जळका निळसर डाग. सीटमधल्या काथ्याला भोक पडलेलं, कडा काळ्या. जाड माणूस मागे बसला की स्प्रिंग खाली येते, बॅटरीच्या दोन्ही टोकांना टेकते, ठिणगी पडते, आणि वर काथ्या. बीटल पेटण्याचं हे जुनं, ठाऊक असलेलं कारण आहे. दुसरं कारण पेट्रोलची नळी. २०२३ पासून आयर्लंडमध्ये पंपावर नेहमीचं पेट्रोल म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं ई-१०, आणि जुनं रबर ते खाऊन टाकतं. इंजिनाच्या डोक्यावरून जाणारी ती वीतभर नळी इथेनॉल सोसणारी घ्या. तिच्यावर जे३० आर९ छापलेलं असतं.

ब्लूटूथ बिनधास्त बसवा, पण जुन्या रेडिओचं तोंड ठेवून. आतलं यंत्र बदलून देणारे कारागीर आहेत, किंवा डॅशखाली दडणारा छोटा अँप्लिफायर लावा. पत्रा मात्र कापू नका. एवीतेवी तुमच्या रेडिओला आता आयरिश बोलणं ऐकू येत नाही. आरटीई या तिथल्या सरकारी नभोवाणीनं मध्यम लहरी २००८ साली बंद केल्या आणि २५२ किलोहर्ट्‌झवरची लाँग वेव्ह १४ एप्रिल २०२३ ला. आजोबांनी मूळ रेडिओ जपला असेल तर त्यात खरखरच येत असणार.

टायरचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. वापरात रुळलेलं हवेचं टायर आयर्लंड बेटावरचंच. जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरानं ते १८८७-८८ साली बेलफास्टला पोराच्या तीनचाकीसाठी केलं, आणि पुढच्याच वर्षी डब्लिनमध्ये त्याची कंपनी उभी राहिली. तुमच्या गाडीला मूळचे क्रॉस-प्लाय असतील तर चारही काढून रेडियल घाला, ओल्या रस्त्यावर फरक लगेच कळेल. पुढे रेडियल आणि मागे जुने असं चुकूनही नको, वळणावर मागची बाजू निसटते.

कायदा सौम्य आहे. १९८० पूर्वी नोंदलेल्या गाडीला एनसीटी ही गाड्यांची सरकारी तपासणी लागत नाही. तीस वर्षांवरच्या गाडीचा वार्षिक रस्ता कर ५६ युरो. याचा अर्थ ब्रेक कसेही चालतील असा नाही. रस्त्यावर गाडी धडधाकट असण्याची जबाबदारी तुमची, आणि गार्डा, म्हणजे तिथला पोलीस, कधीही थांबवू शकतो. प्रत्येक बदल विमा कंपनीला लेखी कळवा, अगदी बाराची वायरिंगसुद्धा. अपघातानंतर समजलं तर दावा अडकतो. ब्रिटनमधून गाडी आणायचा विचार असलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट : तीस वर्षांवरची, मूळ स्थितीतली गाडी संग्राह्य वस्तू म्हणून आली तर सीमाशुल्क नाही आणि व्हॅट १३.५ टक्के. चासी, स्टिअरिंग, ब्रेक किंवा इंजिनात मोठा फेरफार असेल तर ती सवलत जाऊ शकते. म्हणजे ‘आधीच सगळं नवं केलेली’ गाडी कागदावर महाग पडते.

आपल्याकडे भारतात याहून कडक आहे. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली हवी, नवी नोंदणी वीस हजार रुपयांची, नंबरात ‘व्हीए’, आणि रोजच्या वापराला मनाई. तुम्ही बीटल घेऊन भाजी आणायला जाऊ शकता. पुण्यातला व्हिंटेजवाला, नियमानं, नाही. तुमच्या गाडीची नंबर पाटी मात्र बदलू नका. पाटीवर साल लिहायची पद्धत आयर्लंडमध्ये १९८७ ला आली, आणि १३१-१३२ असे सहामाही आकडे २०१३ ला, म्हणजे मालवणजवळच्या वराड गावच्या वरदकरांचा लिओ तिथे वाहतूकमंत्री असताना. तुमची पाटी दोन्हींच्या आधीची आहे.

आजोबांना एक सांगा. ते ज्या अस्सलपणासाठी भांडतायत, तो मुळात जोडकामाचा आहे. बाहेरून येणाऱ्या तयार गाड्यांवर जबर जकात होती, म्हणून स्टीफन ओ’फ्लाहर्टी यांच्या कंपनीनं पेट्यांमधून सुटे भाग आणून १९५० साली डब्लिनच्या शेलबर्न रोडवर बीटल जुळवली. जर्मनीबाहेर जुळलेली ती पहिली बीटल. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फियाट जुळत होती, त्यामागचं गणितही असंच. तुमच्या काकांची फियाट आणि तुमची बीटल या अर्थी चुलत बहिणी. आणि त्या फियाटला काकांनी कधी कॅसेट प्लेअर लावला नव्हता, असं मला सांगू नका.

गॉलवेला एम-६ नं जाऊ नका. तिथे मर्यादा १२० ची, आणि तुमच्या गाडीचा कमाल वेग जेमतेम तेवढाच. मागून येणारे ट्रक आई-बाबांना आवडणार नाहीत. किनेगडला उतरून जुना रस्ता धरा, आर-४४६. किलबेगन, मोट, अ‍ॅथलोन, बॅलिनास्लो, प्रत्येक गावात चहा मिळतो.

जूनला वेळ आहे. या शनिवारी मागची सीट उचला, आणि बॅटरीवर झाकण आहे की नाही ते मला कळवा.